जुन्या वळचणीखालची नवी खोली

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बाबांनी हाक मारली. "अगं, जरा लाइट लाव, उशीवर काहीतरी पडतंय." मी धावत गेले, लाइट लावला, तर उशीच्या कोपऱ्यावर बांगडीएवढा ओला डाग, आणि वर बघितलं तर वाशाला एक थेंब लोंबत होता, पडू की नको करत. खोली बांधून जेमतेम तीन महिने झाले होते. बाबांचे गुडघे गेले, जिना चढणं बंद झालं, म्हणून तर ही खालची खोली काढली होती, जुन्या घराच्या मागच्या भिंतीला लागून, १२ फूट खोल आणि १६ फूट लांब. खिडकी कुठे हवी, पलंग कुठे येईल, रात्री बाथरूमला जाताना हात धरायला दांडी कुठे लावायची, या सगळ्याचा मी किती विचार केला होता. आणि नवं छप्पर जुन्या घराला जिथे टेकतं तिथे काय करायचं याचा एक मिनिटसुद्धा केला नव्हता. कागदावर तिथे पेन्सिलची एक रेघ होती, बस.

पुढची दोन वर्षं त्या रेघेत गेली. आता मला ती रेघ झोपेतसुद्धा काढता येईल, म्हणून हे लिहितेय. ज्यांना घराला खोली जोडायचीय त्यांनी हे काम सुरू करायच्या आधी वाचावं असं मनापासून वाटतं, कारण ती रेघ बिघडली की नंतर सगळ्या खोलीचा आनंद तिथून गळून जातो.

ज्याने खोली बांधली त्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याने माणूस पाठवला, माणसाने वर चढून पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत सिमेंट दाबलं, वरून सिलिकॉनच्या दोन ट्यूब रिकाम्या केल्या आणि म्हणाला आता काही होत नाही. तो पाऊस खरंच गेला. पुढच्या वर्षी त्याच सांध्यावर केसासारखी चीर दिसली, मग ती रुंद झाली, आणि या वेळी पाणी बाबांच्या पलंगावर न येता पार पलीकडे, कपाटाच्या मागे उतरलं. आम्हाला दोन आठवडे कळलंच नाही. कपाट सरकवलं तेव्हा भिंतीवर काळी बुरशी माणसाच्या उंचीएवढी चढलेली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले की मी परत वर जातो झोपायला, हळूहळू चढेन. ते वाक्य मला फार लागलं.

तर आधी अडचण कुठे असते ते सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती.

जुन्या घराला मागे खोली काढायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, जुनं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, तसंच खाली वाढवायचं. दिसायला ते फार छान दिसतं, एकच सलग उतार. पण हिशोब करून बघा. आमच्या जुन्या छपराचा उतार म्हणजे दोन फूट पुढे गेलं की एक फूट खाली. वळचण, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली खालची कड, जमिनीपासून साडेनऊ फुटांवर, तिच्या खाली अर्धा फूट जागा सोडली तर नव्या छपराचं वरचं टोक येतं ९ फुटांवर. आता खोली १२ फूट खोल. त्याच उताराने गेलं तर छप्पर ६ फूट खाली येणार, म्हणजे पलीकडच्या भिंतीची उंची उरते ३ फूट! तिथे माणूस उभा राहणं सोडा, नीट बसणारही नाही. म्हणून उतार कमी करावा लागतो. सहाला एक केला तर छप्पर २ फूटच उतरतं आणि पलीकडे ७ फूट उंची मिळते, तेवढ्यात भागतं. पण उतार कमी केला की कौलं चालत नाहीत. बहुतेक कौलांना इतका सपाट उतार पुरत नाही, पाणी सावकाश चालतं, वारा त्याला कौलांच्या जोडांतून मागे ढकलतो. मग पत्रा आला. पत्रा आला की जुनी कौलं आणि नवा पत्रा, दोन वेगळे उतार, दोन वेगळ्या जातीचं सामान, आणि या दोघांना एका ओळीवर भेटवायचं. म्हणजे सांध्याची गोष्ट खोलीची खोली ठरवली तिथेच सुरू होते, छपरापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी. १२ ऐवजी १० फूट खोल ठेवली असती तरी बराच फरक पडला असता.

दुसरा एक मार्ग असतो. नव्या खोलीला स्वतःचं दोनपाखी छप्पर करायचं आणि त्याचं आढं, म्हणजे सगळ्यात वरची आडवी कड, जुन्या पाख्याला काटकोनात नेऊन भिडवायचं. त्यात उंची छान मिळते, कौलं पण घालता येतात. पण मग नवं पाखं आणि जुनं पाखं जिथे मिळतात तिथे दोन बाजूंना दोन घळी तयार होतात, व्हॅली म्हणतात त्याला. आणि घळीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती कर्णावर चालते. पाणी उतरतं तेवढंच, पण त्यासाठी त्याला अंतर साधारण १.४ पट जास्त कापावं लागतं. म्हणजे दोन्ही पाखी ३० अंशांची असली तरी घळीचा उतार २२ अंशांच्या आसपासच भरतो. छपराचा सगळ्यात कमी उतार तिथे, आणि दोन्ही पाख्यांचं सगळं पाणीही तिथेच. पाला पण तिथेच अडकतो. त्यामुळे घळीखाली आधी अखंड रुंद पत्रा अंथरावा लागतो, दोन्ही बाजूंना चांगला आत गेलेला, त्याच्या कडा दुमडलेल्या, आणि घळीच्या मध्यावर एकही खिळा नाही. वरून कौलं कापून घ्यायची ती शेवटी. ज्यांना हे नीट करणारा माणूस मिळतो त्यांनी जरूर करावं. आमच्याकडे जुने वासे नव्या छपराचा भार वर घेतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून आम्ही एकपाखीच ठेवली.

हे सगळं मला सांगितलं ते एका सुतारकाकांनी. वय झालेलं, आता वर चढायचं काम मुलगा करतो, पण खाली उभं राहून नजर मात्र त्यांची. आले तेव्हा मला वाटलं लगेच वर जाऊन सांधा बघतील. ते आधी खोलीत गेले. बाबांना विचारलं, वारा कुठून होता त्या रात्री? पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पडलं? सतत पडतं की थांबून थांबून? बाबांना सगळं आठवत होतं, रात्री जागेच असतात ते. मग काका बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, छप्पर कधी गळत नसतं. सांधा गळतो. आणि जिथे थेंब पडतो तिथे भोक नसतं."

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. बागेची पाण्याची नळी मागवली, मुलाला शिडीवर चढवलं, मला टॉर्च देऊन आत उभं केलं. आणि पाणी सोडायला सुरुवात केली सगळ्यात खालून. मी म्हटलं काका सांधा तर वर आहे ना, तर म्हणाले वरून पाणी सोडलं तर ते खालच्या सगळ्या जागा भिजवत येईल, मग आत कुठेही ओल दिसली तरी ती कुठल्या जागेची ते कसं ओळखणार? खालून सुरू करायचं, एका जागी दहा-पंधरा मिनिटं धरायचं, आतल्या माणसाने ओरडेपर्यंत वर सरकायचं नाही. दोन तास चाललं. मान दुखली माझी वर बघून बघून. पण त्या दोन तासांत मला दोन वर्षांत कळलं नव्हतं ते कळलं, की आमच्याकडे गळती एक नव्हती, दोन होत्या. एक वर, पत्रा भिंतीला टेकतो तिथे, तिथलं पाणी वाशाच्या खालच्या अंगाने चार फूट चालत येऊन एका जुन्या खिळ्यापाशी थांबायचं आणि तिथून बाबांच्या उशीवर पडायचं. आणि दुसरी बाजूला, जिथे जुन्या घराची एक भिंत थोडी पुढे आलेली आहे आणि नव्या छपराची कड तिला घासून खाली उतरते. त्या कडेचं पाणी खाली पन्हळीत, म्हणजे छपराखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या नाळीत, पडायच्या ऐवजी पन्हळीच्या टोकामागून सरळ भिंतीत जात होतं. कपाटामागची बुरशी म्हणजे ते पाणी. सिलिकॉन लावलं होतं त्या जागेपासून हे दहा-बारा फूट लांब. म्हणजे एवढे दिवस आम्ही एकाच जागेवर भांडत होतो.

आढ्याचं पाणी शेवटी वळचणीलाच येतं असं आपण सहज म्हणतो. मोठ्या पाण्याचं खरंच तसं असतं. बारीक पाण्याचं मात्र तसं नाही. काकांनी पत्र्याचे दोन तुकडे घेतले, एकमेकांवर घट्ट दाबले, खालची कड पाण्याच्या थाळीत धरली, आणि थोड्या वेळाने तुकडे वेगळे करून दाखवले. पाणी दोन पत्र्यांच्या मधून बोटभर वर चढलेलं. अगदी बारीक फट असली की पाणी दोन्ही पृष्ठभागांना धरून स्वतःच वर ओढलं जातं. वरून वारा असेल तर आणखी. म्हणजे फट जितकी दाबून बंद करायला जावं तितकी ती पाण्याला सोयीची होते, जर ती पूर्ण बंद झाली नसेल तर. आणि पूर्ण बंद ती कधीच राहत नाही. म्हणून चांगल्या कामात एकावर एक येणाऱ्या पत्र्याची कड दुमडतात, म्हणजे मधे थोडी मोकळी जागा राहते आणि पाणी तिथे थांबून खाली गळतं. मोकळी जागा ठेवून पाणी थांबवायचं, हे मला तोवर सुचलंच नसतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. चीर का पडली?

जुनं घर खूप वर्षं उभं आहे. त्याच्या पायाखालची माती दबायची तेवढी दबून गेलीय. नवी खोली कालची, तिचा पाया जमिनीवर आता कुठे टेकतोय. तो पहिल्या काही वर्षांत थोडा खाली बसणारच, कितीही चांगला घेतला तरी. आणि माती चिकण असेल तर ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणजे हलणं कधी संपतच नाही. वर पत्रा, तो दुपारी तापतो आणि रात्री गार होतो, तापमानात ४० अंशांचा फरक अगदी सहज पडतो. १६ फुटांची लोखंडी पत्र्याची पट्टी तेवढ्याने सव्वादोन मिलिमीटर वाढते आणि परत आकसते, अॅल्युमिनियमची असेल तर साडेचारच्या आसपास. रोज. आमच्या सांध्यात तर ती पट्टी एका बाजूने जुन्या भिंतीला खिळलेली आणि दुसऱ्या बाजूने नव्या छपराला, आणि वरून सिमेंट. जुनं घर जागेवर, नवी खोली खाली सरकतेय, पट्टी दोघांच्या मधे ताणलेली. सिमेंट ताणलं जात नाही, ते तुटतं. सिलिकॉन थोडं ताणलं जातं पण काही वर्षांनी तेही एका कडेने सुटतं. फटीत काही भरलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. पण हलणाऱ्या दोन गोष्टींच्या मधे जे भराल ते कधीतरी सुटणारच.

काका म्हणाले, "जुन्याला नव्याला बांधू नका. नुसतं एकावर एक घ्या."

म्हणजे दोन वेगळे पत्रे. पहिला नव्या छपराचा, छपरावरून येऊन भिंतीपाशी काटकोनात वर वळलेला, भिंतीला टेकलेला पण तिला एकही खिळा न मारलेला. दुसरा जुन्या भिंतीचा, भिंतीत खाच मारून त्यात वरची कड अडकवलेली आणि तिथून खाली लोंबणारा, पहिल्या पत्र्याला बाहेरून झाकणारा. दोघांचा एकमेकांना खिळा नाही, स्क्रू नाही, झाळलेला जोड नाही. खोली खाली बसली तर खालचा पत्रा वरच्याच्या मागून गुपचूप सरकतो. पाणी मात्र वरच्याच्या अंगावरून खालच्याच्या अंगावर उतरतं, त्याला आत जायला वाटच नाही. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी होते. एवढं साधं. आणि मी दोन वर्षं चिकटवायचा माल शोधत होते.

मग काम सुरू झालं. आधी ताडपत्री, मोठी, बांधायला दोऱ्यांसकट, कारण छप्पर उघडलं की आभाळाचा भरवसा नाही. खरं तर सुरुवातीपासून करत असाल तर नवी खोली आधी पूर्ण उभी करून झाकून घ्यावी आणि जुन्या छपराला हात सगळ्यात शेवटी लावावा. आमच्या वेळी उलट झालं होतं, आधी वळचण उघडली आणि मग आठवडाभर घर तसंच.

वळचणीची खालची कौलं काढली तेव्हा आत जे दिसलं त्याने पोटात खड्डा पडला. पहिल्या माणसाने जुन्या वळचणीच्या खाली जी हवा खेळायची जागा असते ती सगळी सिमेंटने बुजवून टाकली होती. पाणी येऊ नये म्हणून. त्यामुळे आतली दमट हवा आतच कोंडली आणि वाशांची टोकं ओली ती ओलीच राहिली. काकांनी टोकदार आरी घेऊन एकेक वासा टोचून बघितला. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही, आणि दोन वाशांत मात्र ते लोण्यात जावं तसं गेलं. घर बांधल्यापासून इतकी वर्षं धडधाकट असलेले वासे दोन वर्षांत गेले. वासे अख्खे बदलले नाहीत, कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला आणि प्रत्येकाला बाजूने नवा वासा लांबपर्यंत जोडून बोल्ट मारले. बुजवलेली जागा मोकळी केली, जाळी लावली. ज्यांनी वळचण झाकून घेतलीय त्यांनी निदान एकदा तिथे डोकावून बघा, प्लीज.

नंतर आलं ते लेव्हलचं प्रकरण, आणि मला वाटतं यातच त्या माणसाची खरी समज दिसली. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी जुन्या वळचणीची दोन टोकं मापली. १६ फुटांत वळचण दीड इंच खाली गेलेली. मधे थोडं पोट पण आलेलं. नव्या छपराची आडवी तुळई मात्र एकदम लेव्हलमध्ये. कागदावर नवं बरोबर, पण खाली उभं राहून बघितलं की उलटंच दिसायचं, नवी सरळ रेघ जुन्या वाकड्या रेघेखाली खुपायची, एका टोकाला फट जास्त दुसऱ्या टोकाला कमी, आणि बघणाऱ्याला वाटायचं नवीच खोली तिरकी आहे. मला कधीपासून ते खटकत होतं, नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. काका म्हणाले पाण्याला लेव्हल लागते आणि डोळ्याला शेजार लागतो. तुळई लेव्हलमध्येच ठेवली, वासे तसेच, पन्हळ तिच्या स्वतःच्या उताराने. पण समोरून दिसणारी जी लाकडी पट्टी असते ती त्यांनी जुन्या रेघेच्या कलाने घेतली, पूर्ण दीड इंच नाही, पाऊण इंच. अर्धं जुन्याचं अर्धं नव्याचं. दोरी ताणून, लांब जाऊन बघून, परत खिळा काढून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर घेऊन. आता कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही. जुनं घर वाकडं आहे हे मान्य करून त्याच्या शेजारी उभं राहायचं, ते सरळ करायला जायचं नाही. हे मी नुसतं छपराबद्दल लिहितेय, पण त्या दिवशी बाबा खुर्चीत बसून ते बघत होते आणि खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं म्हणून लक्षात राहिलं. त्यांनीच हे घर बांधून घेतलं होतं. म्हणाले, "पोट मला माहीत होतं. तेव्हाच आलं होतं."

सांध्याचं काम तीन दिवस चाललं. पत्र्याची वरची कड आधी वर वळवून घेतली, प्रत्येक खोलगट पट्ट्याचं टोक पक्कडीने उभं केलं, म्हणजे वाऱ्याने पाणी उलटं चढलं तरी त्याला तिथे बांध लागतो. आमच्याकडे जुन्या वळचणीचं सगळं पाणी नव्या पत्र्यावर पडून उडायचं आणि वारा ते भिंतीकडे न्यायचा, त्यामुळे हे फार गरजेचं होतं. भिंतीवर पत्रा सहा इंच चढवला. खाच मारली ती विटांच्या दर्जेत, म्हणजे दोन विटांच्या मधल्या सांध्यात, वीट न फोडता, साधारण इंचभर खोल. खाचेत जाणाऱ्या अॅल्युमिनियमच्या कडेला आधी डांबरी पेंट दिला, कारण ओलं सिमेंट अॅल्युमिनियमला खातं. लांब पट्टी अखंड न घेता तुकड्यांत घेतली, एकावर एक चांगली चढवून, म्हणजे तापून वाढली तरी फुगून वर येणार नाही. आणि तांब्याचं काही असेल तर त्याचं पाणी जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर येऊ देऊ नका, तो लवकर गंजतो, हे पण त्यांनी जाता जाता सांगितलं.

बाजूच्या भिंतीपाशी मात्र सांधा उतरता असतो, तिथे तुकडे पायऱ्यांसारखे लावतात, सगळ्यात खालचा आधी, मग त्याच्यावर चढलेला दुसरा, असं वरपर्यंत. कुठलाही सांधा करताना हा एकच नियम, वरचं नेहमी खालच्याच्या अंगावर. एक तुकडा जरी उलटा गेला तरी पाण्याला आत जायचा दरवाजा झाला. आणि सगळ्यात खाली, जिथे छपराची कड संपते आणि भिंत पुढे चालू राहते, तिथे एक छोटा पत्रा, हाताच्या पंजाएवढा, बाहेर वाकवलेला. तो पाण्याला भिंतीपासून बाजूला ढकलून पन्हळीत टाकतो. एवढाच त्याचा उद्योग. तो नव्हता म्हणून माझी अख्खी भिंत काळी झाली होती. कोणाच्याही घराला खोली जोडलेली दिसली की आता माझी नजर आधी त्या कोपऱ्यात जाते, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे खाली एक ओला ओघळ दिसतोच.

पन्हळ पण बदलली. पहिल्याने नव्या छपराच्या हिशोबाने लावली होती, पण नव्या छपरावर जुन्या पाख्याचं पाणी पण येतं ना. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमचं नवं छप्पर आणि त्याच्यावर उतरणारा जुना भाग मिळून ४० चौरस मीटर भरतात. तासाला ५० मिलिमीटरचा पाऊस आला तर त्या एका पन्हळीतून तासाभरात २००० लिटर जायला हवं. पहिल्या पन्हळीला एकच बारीक पाइप होता. आता रुंद पन्हळ आणि दोन्ही टोकांना पाइप.

स्लॅबची घरं असतात त्यांचं तंत्र वेगळं. जुन्या काँक्रीटला नवं काँक्रीट आपोआप धरत नाही, जुन्याला टाचे मारून खडबडीत करून, भोकं पाडून सळया बसवून मगच ओततात, किंवा मग सरळ मधे हलायला जागा सोडून वरून लवचीक झाकण घेतात. जिथे बर्फ पडतं तिथे वरच्या छपरावरचं बर्फ घसरून खालच्या नव्या छपरावर साचतं, तो भार वेगळा धरावा लागतो. पण माझा अनुभव वासे आणि पत्र्याचा, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

काम संपल्यावर काकांनी परत नळी मागवली. खालून वर, तेच, दोन तास, मी आत टॉर्च घेऊन. काही नाही. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी दर पाच मिनिटांनी विचारलं, "काय गं?" आणि मी दर वेळी म्हटलं, "कोरडं आहे बाबा."

जाताना काकांनी कानामागची पेन्सिल काढली. बाहेरच्या बाजूला, जिथे जुनी भिंत आणि नवी भिंत शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि मधे बोटभर सांधा मोकळा सोडलाय, तिथे त्यांनी एक आडवी रेघ मारली, जुन्या भिंतीवरून सुरू होऊन नव्या भिंतीवर जाणारी, एकदम लेव्हलमध्ये. बाजूला तारीख लिहिली. म्हणाले दर वर्षी पाऊस संपला की बघायचं, रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आहेत का.

त्या वर्षीचा पाऊस आला तेव्हा मी बाबांच्या खोलीतच गादी घालून झोपले. झोप कसली, वर बघत पडले होते. पत्र्यावर पावसाचा आवाज फार मोठा असतो, जुन्या वळचणीच्या पागोळ्या नव्या पत्र्यावर पडत होत्या त्याचा वेगळा, एका लयीत. पहाटे कधीतरी डोळा लागला. उठले तर बाबा घोरत होते.

आता दर वर्षी पावसाआधी मी शिडी लावून सांध्यावरचा पाला काढते, कारण पाला साचला की तोच बांध होतो आणि पाणी पत्र्याच्या वरून आत बघायला लागतं. आणि पाऊस संपला की पट्टी घेऊन ती रेघ मापते. पहिल्या वर्षी नव्या भिंतीवरचा तुकडा अर्धा सूत खाली गेला होता. दुसऱ्या वर्षी त्याच्याहून थोडं कमी. यंदा मापलं तर सगळं मिळून एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर. वरचा पत्रा खालच्या पत्र्याला चार इंच झाकतो. मी नवी रेघ मारली, तारीख टाकली आणि आत जाऊन बाबांना आकडा सांगितला. त्यांनी वहीत लिहून घेतला.